डिस्क १००% : डोंबिवलीतल्या पाच संगणकांच्या नोंदी

२६ एप्रिल २०२५, शनिवार

पेपर तपासून झाले. सुट्टीतलं पहिलं काम बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, संगणक. गेले दोन-तीन महिने ते सकाळी सीपीयूचं बटण दाबून चहा करायला जातात. चहा पिऊन होतो तरी पडद्यावर गोल फिरतच असतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बघून सांगितलं, "जुना झाला, आता नवीनच घ्या." बाबांची अडचण पैशांची नाही. त्यांची वीस वर्षांची पत्रं, घराण्याची वंशावळ, सोसायटीचे ठराव सगळं श्रीलिपीत टाइप केलेलं आहे. नव्या संगणकात तो फॉन्ट नसला की त्याच फायलींत मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. हा अनुभव त्यांनी एकदा घेतलाय.

काही उघडण्याआधी मोजायचं ठरवलं. मोबाइलचं स्टॉपवॉच, तीन वेळा, पूर्ण बंद करून. बटण ते डेस्कटॉप : सरासरी १ मिनिट ५२ सेकंद. बटण ते क्रोममध्ये एक पान नीट उघडेपर्यंत : ४ मिनिटं ३५ सेकंद. दुसरा आकडाच खरा. डेस्कटॉप दिसला म्हणजे संगणक सुरू झाला असं नसतं.

यंत्र : तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क, विंडोज १०.

टास्क मॅनेजर उघडून दहा मिनिटं नुसती बघत बसले. प्रोसेसर १४ टक्के. मेमरी ७१ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि तिथेच खाली वेग : सेकंदाला १.३ एमबी. डिस्क पूर्ण गुंतलेली, आणि काम जवळजवळ शून्य. प्रोसेसर म्हातारा झालेला नाही, तो वाट बघतोय.

२७ एप्रिल, रविवार

बाबांनी विचारलं, शंभर टक्के काम करते तर काम होत का नाही? कागदावर मांडून दाखवलं.

डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे चकतीवरून वाचणाऱ्या काट्याखाली, येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर न्यायचं, त्याला साधारण ९. एका वाचनाला १३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला पाऊणशे वाचनं. विंडोज सुरू होताना हजारो छोटे तुकडे मागते, बरेचसे ४ केबीचे. पंच्याहत्तर गुणिले चार, सेकंदाला ३०० केबी. सलग मोठी फाईल वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज देते, कारण हेडला हलावंच लागत नाही.

किराणा दुकानातला मुलगा माळ्यावरून अख्खं पोतं आणायला एकदाच चढतो. गिऱ्हाइकाने यादीतला एकेक जिन्नस सांगितला तर दर वेळी शिडी. बाबांना हे पटलं. एसएसडी म्हणजे सगळं चिपांत साठवणारा ड्राइव्ह. त्यात चकती नाही, हेड नाही, शिडीच नाही. एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भाग.

क्रिस्टलडिस्कमार्कने मोजलेले आकडे : सलग वाचन ११८ एमबी, ४ केबीचं विखुरलेलं वाचन ०.६ एमबी. पहिला आकडा खोक्यावर छापतात. माणसाचा वेळ दुसरा आकडा खातो.

क्रिस्टलडिस्कइन्फोत डिस्कची तब्येत पाहिली. चांगली आहे. वाईट सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा वाचता न येणारा छोटा कप्पा, एकही नाही.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन, सगळे घरी. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. वर्गात हेच शिकवते, घरीही तेच.

आधी रॅम. ओळखीच्या एकांकडून वापरलेली ४ जीबीची डीडीआर-३ पट्टी मिळाली. आता एकूण ८. बटण ते क्रोम : ३ मिनिटं ५८ सेकंद. फरक पडला, पण चहा अजून होतोच. "रॅम टाका, पळायला लागेल" हे प्रत्येक जण सांगतो. ४ जीबीत विंडोज १० आणि ब्राउझर चालवणाऱ्याला रॅम हवीच, कारण मेमरी भरली की विंडोज तिचं ओझं डिस्कवर टाकते आणि हार्ड डिस्क आणखी अडकते. तरी पहिला खर्च तो नव्हे.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटाचा (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वाटेचा) मोड आयडीई, म्हणजे जुना, दिसला. म्हणजे विंडोज त्या मोडमध्ये टाकलेली आहे. एसएसडीसाठी एएचसीआय हा नवा मोड हवा. पण नुसता मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही, निळा पडदा येतो. उपाय : आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग बायोसमध्ये एएचसीआय करायचं. सेफ मोडमध्ये ती योग्य ड्रायव्हर स्वतः उचलते. मग सेफ मोड काढून पुन्हा सुरू करायचं. झालं, पंधरा मिनिटांत. हे जुन्या डिस्कवरच आधी केलं, म्हणजे नव्या ड्राइव्हवर काही अडलं तर दोष कुठला याचा गोंधळ नको.

३ मे, शनिवार

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून आजच. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत.

२४० ते १००० जीबीपर्यंत सगळं मिळतं. बाबांची हार्ड डिस्क ५०० जीबीची. ४८० जीबीचा ड्राइव्ह दोनशे रुपयांनी स्वस्त होता, तो मुद्दाम घेतला नाही. क्लोनझिला एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी प्रत करते तेव्हा दुसरी डिस्क निदान तेवढीच लागते. ४८० तोकडी पडते, मग पार्टिशनं लहान करत बसावं लागतं. बाबांच्या डिस्कला हात लावण्यापेक्षा दोनशे रुपये परवडले. ५१२ जीबी, २.५ इंची, साटा.

एका दुकानात कधी न ऐकलेल्या नावाचा १ टीबीचा ड्राइव्ह निम्म्या किमतीत दाखवला. हातात घेतला, ठेवून दिला. अशा ड्राइव्हच्या आत कोणती चिप आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि काही बनावट ड्राइव्ह तर आत असलेल्यापेक्षा जास्त जागा असल्याचं संगणकाला खोटंच सांगतात. भरत जातं तसं जुनं पुसलं जातं. नावाचं पक्कं बिल आणि सीरियल नंबर जुळतोय ना, एवढं पाहून मगच पैसे दिले.

त्याच फेरीत खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या लॅपटॉपसाठी एनव्हीएमई ड्राइव्ह (एसएसडीचाच जास्त वेगवान प्रकार) घेतला, २५६ जीबी. त्यांच्या लॅपटॉपमध्ये एम.२ ची, म्हणजे पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची, जागा आहे हे पाठीचं झाकण उघडून पाहिलं होतं.

४ मे, रविवार

क्लोन. पेनड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू केली. जुनी डिस्क कुठली आणि नवा ड्राइव्ह कुठला हे चार वेळा वाचलं. इथे चूक झाली तर रिकामा ड्राइव्ह भरलेल्या डिस्कवर उतरतो आणि वीस वर्षं जातात. म्हणून सुरू करण्याआधी बाबांचं अख्खं कागदपत्रांचं फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या लॅपटॉपवर ते उघडतंय ना हे पाहिलं होतं. प्रत घेतली म्हणजे प्रत आहे असं नाही. उघडली तर ती प्रत.

१८० जीबी भरलेलं होतं, ३८ मिनिटं लागली. संपल्यावर संगणक बंद केला, जुन्या डिस्कची केबल काढली, आणि मगच नव्या ड्राइव्हवरून सुरू केला. दोन्ही एकदम जोडून सुरू करू नये. दोघांची ओळखसंख्या एकच असते आणि विंडोज गोंधळते.

बटण ते क्रोम : ४१ सेकंद.

बाबा बाजूला खुर्चीत बसले होते. त्यांनी आधी वंशावळीची फाईल उघडायला सांगितली. उघडली. श्रीलिपी जागच्या जागी, सगळे पूर्वज आपापल्या ओळीत. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला.

आकडे : सलग २७२ एमबी, विखुरलेलं ४ केबी वाचन २४ एमबी. एच६१ चे साटा पोर्ट दुसऱ्या पिढीचे आहेत, सेकंदाला ३ गिगाबिटचे, म्हणून सलग वेग तिथेच अडतो. खोक्यावरचे ५५० या बोर्डावर कधीच मिळणार नाहीत. आणि त्याने काही बिघडत नाही. सलग वेग दुप्पट-सव्वादोनपट झाला, विखुरलेला चाळीसपट. संगणक पळतोय तो या चाळीसपटीमुळे.

ट्रिम चालू आहे ना ते कमांड विंडोत तपासलं. उत्तर शून्य आलं, म्हणजे चालू. ट्रिममुळे पुसलेल्या फायलींची जागा ड्राइव्हला कळते, नाहीतर तो हळूहळू मंदावतो.

५ मे, सोमवार

बारावीचा निकाल. दुपारी एकला घरात सहा जण जमले. बाबांनी स्वतःच्या संगणकावर निकालाचं पान उघडलं.

पण संध्याकाळी एक तक्रार आली : मध्येच दोन-तीन सेकंद सगळं थिजतं. नवा ड्राइव्ह खराब निघाला की काय असं वाटलं. क्रिस्टलडिस्कइन्फोत सी७ ही ओळ पाहिली, सीआरसी चुका. सकाळी १२ होत्या, आता ५२. या चुका ड्राइव्हच्या आतल्या नसतात, ड्राइव्ह आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या असतात. साटा केबल बारा वर्षांची, एका टोकाला सैल. ८० रुपयांची क्लिप असलेली नवी केबल घातली. आकडा ५२ वरच थांबला (तो कधी कमी होत नाही, वाढायचा थांबला की झालं). थिजणंही बंद.

केबल न बदलता ड्राइव्ह परत करायला लॅमिंग्टन रोडला गेले असते तर नवा ड्राइव्हही तसाच वागला असता.

१० मे, शनिवार

काकूंचा लॅपटॉप. त्या विमा एजंट. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि पावतीचं पान उघडत नाही. "अगं, लोकांना वाटतं मीच वेळ काढतेय," असं त्या म्हणाल्या. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, म्हणजे यंत्र चांगलं भक्कम. आत १ टीबीची ५४०० फेऱ्यांची डिस्क. बटण ते क्रोम : ६ मिनिटं १० सेकंद. बाबांच्यापेक्षा नवा आणि दुप्पट ताकदीचा लॅपटॉप, पण डिस्क आणखी मंद म्हणून बाबांच्यापेक्षा जास्त रखडणारा. लॅपटॉपच्या डिस्कची अर्धी फेरीच ५.६ मिलिसेकंदांची, आणि तिचं हेडही सावकाश हलतं.

उघडताना : आधी बॅटरीची केबल सुटी केली. कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावला. स्क्रू तीन लांबीचे आहेत. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं किंवा बोर्डाला भोक पडतं. झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने उचललं.

एनव्हीएमई ड्राइव्ह बसवला. बायोसमध्ये दिसत नाही. काढून पुन्हा बसवला. नाही. तासभर गेला. शेवटी लॅपटॉपच्या मॉडेलची सेवापुस्तिका शोधून वाचली : या खाचेत फक्त साटा चालतो.

चूक माझी. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटा ड्राइव्हही येतो आणि एनव्हीएमईही, आणि ते एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. कडेवर एक खाच असेल तर तो बहुधा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुधा साटा. पण ड्राइव्ह आत शिरतो म्हणून तो चालतो असं नाही. झाकण उघडून जागा पाहिली, आणि बोर्ड कोणती भाषा बोलतो ते पाहिलं नाही. यापुढे सेवापुस्तिका आधी, खरेदी नंतर.

काकूंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं थांबले, आणखी आठवडा थांबेन."

१३ मे, मंगळवार

पुन्हा लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने ड्राइव्ह बदलून दिला, वरचे पैसे घेतले नाहीत. खोकं जपून ठेवलं होतं याचा उपयोग झाला.

१४ मे, बुधवार

एम.२ साटा बसला, लगेच दिसला. इथे क्लोन केलं नाही, विंडोज नव्याने टाकली. काकूंकडे जुने फॉन्ट नाहीत, खास सॉफ्टवेअर नाही, आणि सात वर्षांत नकळत घुसलेले चार टूलबार आणि दोन अँटीव्हायरस आहेत. दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या फायली तपासत बसतात, त्यातही डिस्क अडकते. लायसन्स त्याच बोर्डाशी बांधलेलं असल्यामुळे विंडोज इंटरनेट मिळताच आपोआप सक्रिय झाली.

जुनी १ टीबी लॅपटॉपमध्येच ठेवली, फोटो आणि कागदांसाठी. विंडोज आणि रोजचे प्रोग्राम नव्यावर.

बटण ते क्रोम : २४ सेकंद. काकूंनी स्वतः घड्याळ लावून पाहिलं.

१७ मे, शनिवार

दोन छोट्या नोंदी, दोन्ही नकाराच्या.

चौथ्या मजल्यावरच्या मुलाचा लॅपटॉप. "ताई, यालाही एसएसडी टाकून दे." त्यात एसएसडी आधीच आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क ४ टक्के, पण प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलेला. तापमान ९५ अंश. पंख्याच्या जाळीत धुळीचा नमद्यासारखा थर साचला होता. साफ केलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. ७२ अंश. खर्च १५० रुपये. मंद संगणक म्हणजे मंद डिस्क, हे प्रत्येक वेळी खरं नसतं. म्हणूनच आधी टास्क मॅनेजर.

मागच्या इमारतीतल्या एक ताई मुलीसाठी घेतलेला स्वस्त छोटा लॅपटॉप घेऊन आल्या. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, डिस्कच्या जागी ३२ जीबीची ईएमएमसी चिप. सगळं बोर्डावर डाग देऊन जोडलेलं, काढता येत नाही, घालता येत नाही. ३२ जीबीत विंडोज आणि तिची अपडेट मावतच नाहीत. स्पष्ट सांगितलं की यात काही बदलता येणार नाही. हवं असेल तर विंडोजच्या जागी हलकी लिनक्स टाकून देते, मुलीला वाचायला आणि टायपिंगला पुरेल. त्यांनी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत टाकून दिली. चालतोय. पळत नाही, पण चालतोय.

२४ मे, शनिवार

तिसऱ्या मजल्यावरचे आजी-आजोबा. मुलगा न्यू जर्सीत, रोज रात्री व्हिडिओ कॉल. लॅपटॉप मंद, आणि गेल्या आठवड्यापासून मध्येच कट-कट असा आवाज. आवाज ऐकल्याबरोबर बंद करायला सांगितलं.

घरी आणून एकदाच सुरू केला, तब्येत पाहण्यापुरता. सी५ ओळीत, म्हणजे वाचता न आलेल्या आणि निकाल प्रलंबित असलेल्या सेक्टरांच्या ओळीत, १३८. ही संख्या सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) लिहिलेली असते. नेहमीच्या दशमान पद्धतीत ३१२. पिवळा "सावधान".

ही दुरुस्ती वेगाची नाही. इथे मंदपणा हे लक्षण आहे : डिस्क एकेक सेक्टर पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तोवर सगळं थांबतं. आत अकरा वर्षांचे फोटो, दुसरी प्रत कुठेही नाही.

काय करायचं नाही ते आधी लिहून ठेवते. विंडोजची डिस्क दुरुस्ती या डिस्कवर चालवायची नाही, ती मरत्या डिस्कवर लिहायला लागते आणि तिला आणखी दमवते. साधं क्लोन नाही, ते पहिल्या वाईट सेक्टरवर थांबतं. फोल्डर उघडून एकेक फोटो कॉपी करायचा नाही, त्यात हेड सगळीकडे धावतं. आणि फ्रिजमध्ये ठेवायची नाही. आजोबांना कुणीतरी हा सल्ला दिला होता. फ्रिजमधून काढलेल्या डिस्कवर आत-बाहेर दव धरतं, आणि हेड चकतीपासून इतक्या कमी अंतरावर तरंगतं की केसाची जाडीही त्यापुढे डोंगर.

२५ मे, रविवार

डिस्क लॅपटॉपमधून काढून बाबांच्या डेस्कटॉपच्या साटा पोर्टला जोडली. यूएसबीच्या अडॅप्टरवर वाईट सेक्टर आला की अडॅप्टरच गप्प होतो, म्हणून थेट बोर्डावर. पेनड्राइव्हवरून लिनक्स, आणि त्यात खराब डिस्कवरून प्रत काढणारी जीएनयू डीडीरेस्क्यू. प्रत घेण्यासाठी मुलाने पैसे पाठवून आणवलेली २ टीबीची बाहेरची डिस्क.

डीडीरेस्क्यूची रीत मला फार आवडते. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं घेते. अडलं की हट्ट न करता उडी मारून पुढे जाते, आणि कुठे अडलं ते नोंदफाईलमध्ये लिहून ठेवते. चांगलं सगळं हाती आल्यावर मगच वाईट भागांकडे परत वळते. मरणाऱ्या डिस्कच्या अंगात किती तास उरलेत ते माहीत नसतं, म्हणून आधी सोपं, मग अवघड. नोंदफाईल पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या तात्पुरत्या मेमरीत नाही, बाहेरच्या डिस्कवर ठेवली.

दुपारी तीनला सुरू. रात्री दहापर्यंत ९७ टक्के. मग वेग सेकंदाला काही केबींवर आला. रात्रभर चालू ठेवली.

२६ मे, सोमवार

पावसाळा आजच मुंबईत पोचला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. पहाटेपासून कोसळतोय. सव्वासहाला लाईट गेली. बाबांच्या यूपीएसची बॅटरी केव्हाचीच संपलेली, संगणक जागीच बंद.

पावणेदहाला लाईट आली. तीच आज्ञा पुन्हा दिली. नोंदफाईल वाचून डीडीरेस्क्यू थेट जिथे थांबली होती तिथून पुढे निघाली. वाचलेलं काहीही पुन्हा वाचलं नाही, डिस्कला एकही जादा फेरी पडली नाही. ती एक छोटी फाईल नसती तर पंधरा तासांचं काम त्या डिस्ककडून पुन्हा करून घ्यावं लागलं असतं, आणि ते तिने केलं असतं की नाही सांगता येत नाही.

यूपीएसची नवी बॅटरी आणायची. हे एप्रिलमध्येच करायला हवं होतं.

२७ मे, मंगळवार

संपलं. तीन वेळा पुन्हा प्रयत्न करूनही न वाचलेला भाग : १.९ एमबी. ५०० जीबीपैकी १.९ एमबी.

आता कुठल्या फायली दुखावल्या ते शोधायचं. हरवलेल्या जागा डीडीरेस्क्यूने एका ठरावीक खुणेच्या शब्दाने भरून घेतल्या (मूळ डिस्कवर नाही, प्रतीच्या प्रतीवर), आणि मग सगळ्या फायलींत तो शब्द शोधला. नऊ फायली निघाल्या. सात विंडोजच्या, त्यांची फिकीर नाही. एक फोटो, खालचा निम्मा करडा. आणि सुनेच्या मंगळागौरीचा व्हिडिओ. तो उघडतो, मध्ये काही सेकंद चित्र थिजतं आणि पुन्हा सुरू होतं.

वर जाऊन आजींना दाखवला. त्या थिजलेल्या जागेवर आजी म्हणाल्या, "इथे मी उखाणा घेतला होता," आणि तो म्हणून दाखवला. मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवला.

३१ मे, शनिवार

आजी-आजोबांच्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीचा साटा ड्राइव्ह, नवी विंडोज, फोटो परत. बटण ते व्हिडिओ कॉल : ३५ सेकंद. फोटोंची एक प्रत बाहेरच्या २ टीबीवर, दुसरी मुलाकडे. प्रतीसाठी एसएसडी मुद्दाम घेतला नाही. वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर एसएसडीतला विजेचा भार हळूहळू झिरपतो. कपाटात ठेवायच्या प्रतीला चकतीची डिस्कच बरी. तीही वर्षातून दोनदा जोडून पाहायची, दसऱ्याला आणि पाडव्याला, असं आजोबांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून आले.

आजोबांनी विचारलं की एसएसडी लिहून लिहून झिजतो असं ऐकलंय. झिजतो. या ड्राइव्हच्या कागदावर १८० टीबी लेखनाची हमी आहे. बाबांच्या संगणकावर महिनाभर मोजलं, दिवसाला १० ते १५ जीबी लिहिलं जातं. पंधरा धरले तरी वर्षाला साडेपाच टीबी. त्या हिशोबाने तीस वर्षांहून जास्त. त्याआधी दुसरं काहीतरी जाईल, म्हणून प्रत हवीच.

८ जून, रविवार

पुढच्या आठवड्यात कॉलेज सुरू. उरलेल्या डिस्कांची विल्हेवाट लावली. बाबांची ५०० जीबी चांगली आहे. महिनाभर क्लोन नीट चालतोय हे पाहून आता ती पुसली, केसमध्ये घालून बॅकअपला ठेवली. आजी-आजोबांची मेलेली डिस्क त्यांच्या परवानगीने वर्गात दाखवायला उघडणार. लॅपटॉपच्या डिस्कची चकती बऱ्याचदा काचेची असते, धातूची वाटली तरी. म्हणून ती वाकवायची नाही, मुलांच्या हातात नुसती द्यायची.

एक गोष्ट उरते. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय, आणि बाबांचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. काकूंचाही नाही, सहावी पिढी आहे, यादी आठव्यापासून. काम ४१ सेकंदांत करणारं यंत्र त्या कारणासाठी भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. काकूंशी बोलणं चालू आहे. बाबांच्या बाबतीत लिनक्सकडे जायची वाट मोकळी आहे, फक्त श्रीलिपीचा अडसर. तो फॉन्ट एका यंत्राला बांधलेला आहे, युनिकोडमधलं मराठी कुठेही उघडतं. म्हणून फायली युनिकोडमध्ये आणायच्या. परिवर्तक अक्षरं बदलून देतो, पण रफार आणि जोडाक्षरं काही ठिकाणी चुकतात, डोळ्यांनी तपासावंच लागतं.

बाबांनी ते काम स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी दोन फायली. बटण दाबतात आणि आता खुर्चीतच बसून राहतात. आज त्यांनी २००४ मधलं, धाकट्या भावाला लिहिलेलं एक पत्र तपासायला घेतलं, आणि त्यातला "कर्तव्य" तीन ठिकाणी दुरुस्त केला.